दोन चमचे तूप

यशश्रीचं पोट गेलं, हे हेब्बाळच्या तिच्या ऑफिसात सगळ्यांच्या लक्षात आलं. तिचा भाऊ गेला, हे त्यातल्या निम्म्यांना ठाऊकही नव्हतं.

कॅन्टीनच्या रांगेत पुढची बाई मागे वळून तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळायची आणि विचारायची, काय करतेस गं, आम्हालाही सांग. कुणी जिमचं नाव विचारायचं, कुणी डाएटिशियनचा नंबर मागायचं. यशश्री नुसत्या ओठांनी हसायची. चालते, म्हणायची. रात्री लवकर जेवते. एवढं बोलून ताट घेऊन कोपऱ्यातल्या टेबलाकडे जायची आणि काकडीच्या चार फोडी संपवून उठायची. दुसऱ्याच्या पोटात लोकांना फार रस असतो. ते सुटलं तरी बोलतील, आत गेलं तरी बोलतील. कशापायी आत गेलं, हे ऐकून घ्यायला मात्र कुणाला सवड नसते.

तिच्या पोटाची कहाणी तशी जुनी, बनशंकरीतल्या माहेरच्या घरापासूनची. वडील वासुदेवराव एका सरकारी कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. सुटा भाग हातात घ्यायचा, मापाला लावायचा, ठरलेल्या मर्यादेच्या केसभर बाहेर गेला तरी बाजूला टाकायचा, हे काम त्यांनी उभी हयात केलं आणि निवृत्त झाल्यावर ते घरच्यांवर चालू ठेवलं. घर मराठी, पण तीन पिढ्या बंगळुरात मुरलेलं. त्यामुळे वडील ते अण्णा, थोरली बहीण ती अक्का, आणि नाचणीला त्या घरात कुणी नाचणी म्हणत नसे, रागीच म्हणत.

राजस यशश्रीहून सहा वर्षांनी धाकटा. पोरगा जन्मापासून काडी. आई, म्हणजे प्रेमाबाई, त्याच्यामागे घास घेऊन घरभर फिरायची आणि त्याच हातानं यशश्रीचं ताट झाकायची. यशश्रीनं आणखी एका पोळीकडे बघितलं, की आईचा हात तिच्या ताटावर पालथा यायचा. "पुरे आता, यशू." त्यात दुष्टावा नव्हता. मुलगा हडकुळा राहील ही एक काळजी आणि मुलगी सुटली तर लग्न जमायचं नाही ही दुसरी. दोन्ही काळज्या एकाच बाईनं एकाच पंगतीत निस्तरायच्या म्हटल्यावर असंच होणार. पण बारा वर्षांच्या मुलीला हे कोण समजावणार? तिला एवढंच कळलं, की या घरात भूक दोघांना लागते आणि आग्रह एकालाच होतो.

लग्न जमायचं ते जमलं. प्रणीत नागपूरचा, नोकरीसाठी बंगळूरला आलेला, भला माणूस. मैत्रेयी झाली आणि यशश्रीचं वजन जे वाढलं ते वाढलं. मग एक वर्ष तिनं पोळी-भात सोडून नुसतं पनीर आणि अंडी खाल्ली, तेव्हा ते झरझर उतरलं. मैत्रिणींनी टाळ्या वाजवल्या. पुढे दोन वर्षं घरात बसून काम करायची वेळ आली आणि उतरलेलं सगळं परतलं, वर थोडं जास्तच घेऊन आलं. हातपाय, गाल, मान, सगळं पुन्हा जागेवर येतं, पण दोनदा ताणलं गेलेलं पोट काही केल्या जुनं रूप धरत नाही. तिनं घाम काढणारा पट्टा बांधला, उपाशीपोटी जिऱ्याचं पाणी घेतलं, मोबाइलमधल्या बाईच्या हुकमावर सतरंजीवर आडवं पडून क्रंचेस काढले. मान धरली, पोट होतं तिथेच राहिलं. राजस तेव्हा कोरमंगलाच्या एका स्टार्टअपमध्ये होता. तो फोनवर म्हणायचा, अक्का, राहू दे ते पोट, त्यानं तुझं काय वाकडं केलंय. सगळ्या घरात तिच्या पोटाला नावं न ठेवणारा हा एकटाच.

त्याच राजसचे डोळे एका सणाला पिवळे दिसले.

आधी कावीळ म्हणून पथ्यपाणी झालं, मग मोठ्या हॉस्पिटलात तपासण्या झाल्या. शरीराची राखण करणारी यंत्रणाच उलटून लिव्हरला खायला लागली होती, असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि औषधांनी ती आवरण्याची वेळ टळून गेली होती. ऐकणारे लोक हळूच विचारायचे, पीत होता का हो? आई प्रत्येकाला तेच सांगत बसायची, सुपारीच्या खांडाचंसुद्धा व्यसन नव्हतं माझ्या पोराला. आजारी माणसाच्या आईला आधी त्याच्या चारित्र्याचा दाखला द्यावा लागतो, या गोष्टीची यशश्रीला अजून चीड येते.

लिव्हर बदलणं हाच इलाज उरला. मेलेल्या माणसाचं मिळण्याची रांग लांबलचक होती. जवळच्या नात्यातल्या कुणी आपल्या लिव्हरचा तुकडा दिला, तर काम लवकर होणार होतं. अण्णा आणि आई दोघंही वयात बसत नव्हते. रक्तगट जुळला तो यशश्रीचा. प्रणीतनं दोन दिवस हॉस्पिटलचे कागद चाळले. मग म्हणाला, तुझा भाऊ आहे, मी काय बोलणार. तिनं लगेच होकार कळवला. भीती वाटते, हे ती कुणाजवळ बोलली नाही. हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला झोपवून बरगडीखालून बोट फिरवत काप कुठून कुठे जाईल ते दाखवलं होतं. ते बोट तिला नंतर कितीतरी दिवस पोटावर जाणवत राहिलं.

पण स्कॅनमध्ये भलतंच निघालं. यशश्रीच्या लिव्हरमध्ये चरबी साचलेली होती. अशा लिव्हरचा तुकडा राजसच्या कामाचा नव्हता, आणि तो काढणं तिच्याही जिवाला धोक्याचं होतं. डॉक्टरीणबाई कडक होत्या, पण सरळ बोलत. पोटावर दिसते ती चरबी वेगळी आणि लिव्हरमधली वेगळी, त्या म्हणाल्या, पण दोन्ही एकाच तोंडातून आत जातात. सहा आठवडे देते. तेल, तूप, साखर, गूळ, सगळं बंद. रोज दमेपर्यंत भरभर चालायचं. त्यांनीच फिजिओथेरपीच्या बाईंकडे पाठवलं. त्या बाईंनी क्रंचेस आधी थांबवले आणि प्लँक, श्वास सोडत पोट आत ओढून धरणं, पाठीवर पडून एकेक पाय खाली नेणं असे व्यायाम दिले. ऑपरेशननंतर पोटाचे स्नायूच तुम्हाला उठवून बसवणार आहेत, असं त्या म्हणाल्या.

जन्मभर ज्या पोटापायी मान खाली घातली, त्या पोटावर आता भावाचा जीव टांगलेला होता.

मैत्रेयीला प्रणीतजवळ हेब्बाळला ठेवून यशश्री बनशंकरीला राहायला आली. सकाळी देवळाच्या रस्त्यानं चालून यायची आणि हॉलमध्ये चटई टाकायची. राजस वेताच्या खुर्चीत बसून तिचा मास्तर व्हायचा. ती कोपरांवर तोलून प्लँकमध्ये थरथरत असायची आणि हा निवांत कानडीत मोजायचा, ओंदु, एरडु, मूरु. तिचा चेहरा लाल झाला की मुद्दाम मागच्या आकड्यावर यायचा. ती खाली पडून त्याला शिव्या घालायची.

"अक्का, तुझ्या पोटात मी फ्लॅट बुक केलाय," तो म्हणायचा. "आधीचे भाडेकरू काढ लवकर. पझेशन कधी देतेस?"

त्याचे हातपाय काटक्यांसारखे झाले होते आणि पोटात मात्र पाणी भरून ते घड्यासारखं पुढे आलं होतं. दर काही दिवसांनी हॉस्पिटलात सुई घालून ते पाणी काढायचे. बघ, तुझ्यापुढे गेलो, असं म्हणून तो स्वतःच्या पोटावर थापटी मारायचा. यशश्रीला हसू यायचं. तिचं पोट उतरायचं, त्याचं चढायचं. कुणाचं आधी कुठे पोचतं याची ती शर्यत होती, आणि हे दोघांनाही ठाऊक होतं.

स्वयंपाकघर आईकडे होतं. डाएटिशियननं सांगितलेलं सगळं आई मान डोलावून ऐकून आली होती. उकडलेल्या भाज्या, मोडाची उसळ, ताक, आणि सकाळ-संध्याकाळ पाण्यात शिजवलेली रागीची पातळ पेज, जिला त्या घरात गंजी म्हणतात. पहिले काही दिवस सगळं मापात चाललं. अण्णा रोज सकाळी काट्याजवळ उभे राहायचे आणि काटा जरा जरी डावीकडे सरकला तरी 'सरी', म्हणजे ठीक, असं म्हणून मान हलवायचे.

मग एका सकाळी चालून परतताना यशश्रीला फाटकाशी घेरी आली. ती पायरीवरच बसली. डोळ्यांपुढे अंधार, अंगाला दरदरून घाम. आईनं पाणी आणलं, पदरानं वारा घातला. तिचा चेहरा यशश्रीला दिसला. एक मूल आत पिवळं होऊन पडलेलं, दुसरं दारात पांढरं पडलेलं. या दुसऱ्याला अजून कापायचंय, आणि त्याच्या अंगात तर आताच त्राण नाही.

दुसऱ्या दिवशी गंजीची चव बदलली.

यशश्रीच्या जिभेला ते पहिल्याच घोटाला कळलं. गंजी घशातून मऊ उतरली. तळाशी बारीक कण लागले, काजूच्या पुडीचे. गोडवा होता, तो गुळाचा होता. आणि वरून रागीच्या खमंग वासाखाली दुसरा एक वास होता, जो त्या घरात फक्त राजसच्या भाताला यायचा. तिनं आईकडे बघितलं. आई ओट्याकडे तोंड करून भांडी आवरत होती. यशश्रीनं भांडं तोंडाला लावलं आणि सगळी गंजी संपवली.

संध्याकाळी ती पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघराच्या दाराशी गेली, तेव्हा तिनं प्रत्यक्षच पाहिलं. आईनं वळून हॉलच्या बाजूला कुणी नाही ना याची खात्री केली, फळीवरचा तुपाचा डबा काढला आणि गंजीच्या भांड्यात दोन चमचे तूप सोडलं. मग चमचा भांड्याच्या कडेला पुसून घेतला, एक थेंब वाया जाऊ न देता. यशश्री पाणी न पिताच मागे फिरली.

तेव्हा बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. आई, यानं राजसचं नुकसान होईल, एवढंच. आई अडाणी नव्हती. रडली असती आणि थांबली असती. पण ते वाक्य यशश्रीच्या तोंडून आलं नाही. का आलं नाही, यावर तिनं नंतर इतका विचार केलाय, की आता तिचा तिलाच उलगडा होत नाही. भूक होती, हे तर खरंच. सबंध दिवस पोटात आग पडलेली असायची. पण नुसती भूक नव्हती. ज्या हातानं जन्मभर ताट झाकलं, तो हात पहिल्यांदाच चोरून तिला वाढत होता. चाळीस वर्षांची बाई, एका मुलीची आई, आणि ती त्या दोन चमच्यांसाठी सकाळ-संध्याकाळ वाट बघायला लागली. दोन चमच्यांनी काय होतंय, एवढं चालतोय आपण, जिरून जाईल, असं ती मनाला सांगायची. आणि याच्याही खाली आणखी काहीतरी होतं का? ऑपरेशन थोडं पुढे जावं असं तिला वाटत होतं का? या प्रश्नापाशी आली की ती उठून चटई टाकते.

सहा आठवड्यांनी स्कॅन झालं. चरबी उतरली होती, पण पुरेशी नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इतक्या कष्टांवर याहून जास्त उतरायला हवी होती, खाण्यात कुठे काही चुकत नाही ना? यशश्री म्हणाली, नाही. आणखी काही आठवडे थांबायचं ठरलं.

घरी येईपर्यंत अण्णा रिपोर्ट पुन्हा पुन्हा वाचत होते. राजस आपल्या खोलीत झोपलेला होता. चपला काढून ठेवताना ते तिच्याकडे न बघता म्हणाले, "मशीन खोटं बोलत नाही, यशश्री. कुठेतरी काहीतरी आत गेलंय. सहा आठवडे तोंडावर ताबा ठेवता आला नाही तुला."

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि त्यांच्यावर रागावली. पोर मर-मर मरतेय, तिला असं बोलवतं तरी कसं, म्हणाली. ती मनापासून बोलत होती. आपल्या हातून काही घडलंय ही शंकासुद्धा तिच्या मनाला शिवली नव्हती. तेलकट, तुपकट बंद म्हणजे चमचमीत बंद, जिभेचे चोचले बंद, असंच ती समजून होती. रागीत घातलेलं घरचं तूप तिच्या लेखी औषध होतं. कापायला निघालेल्या शरीराला ताकद नको का? तिच्या आईनं बाळंतिणींना हेच दिलं होतं आणि तिच्या आजीनंही. यशश्री दोघांच्या मधे उभी होती. तिनं मान खाली घातली, आणि अण्णांना त्यांचं उत्तर मिळालं.

त्या संध्याकाळपासून ती गंजीचं भांडं खोलीत घेऊन जायला लागली आणि न्हाणीघराच्या मोरीत ओतायला लागली. वरून पाणी सोडायची, चिकटपणा राहू नये म्हणून दोनदा. दुपारी उकडलेल्या भाज्या, रात्री ताक. चालणं दुप्पट केलं. प्लँकमध्ये हात वाकले की पुन्हा उठायची. राजसला आता खुर्चीत बसवत नसे. तो पलंगावरून मोजायचा, आणि मागच्या आकड्यावर यायची गंमत त्यानं सोडून दिली होती. एकदा मोजता मोजता त्याचा डोळा लागला. ती कितीतरी वेळ तशीच थरथरत राहिली, त्यानं पुढचा आकडा म्हणावा म्हणून.

चरबी उतरली. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी स्कॅन स्वच्छ आलं. डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदाच हसून तिचा हात दाबला आणि पुढच्या बुधवारची तारीख दिली. यशश्री घरी आली आणि पलंगाशी बसून राजसला म्हणाली, पझेशन तयार आहे. त्यानं पिवळे डोळे उघडले. "आता मला फसवू नका म्हणजे झालं, बिल्डर बाई," तो पुटपुटला. ते त्याचं तिच्याशी झालेलं शेवटचं धड बोलणं.

शनिवारी त्याला थंडी वाजून ताप भरला. पोटातल्या पाण्यात जंतू गेले होते. अशा आजारात हे केव्हाही होऊ शकतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. जंतू असेपर्यंत ऑपरेशन करता येत नव्हतं. बुधवार आला तेव्हा तो अतिदक्षता विभागात होता, आणि यशश्री उपाशीपोटी बाहेरच्या बाकावर बसून होती, कारण कुणी सांगावं, ऐनवेळी बोलावतील. शुक्रवारी पहाटे तो गेला.

आधी झालं असतं तर वाचला असता का, असं तिनं डॉक्टरीणबाईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, असं सांगता येत नाही, तुम्ही स्वतःला दोष देऊ नका. सांगता येत नाही, हे उत्तर ऐकून माणूस सुटत नाही. हो म्हणाल्या असत्या तर निदान तिला ऊर बडवून रडता आलं असतं.

या गोष्टीला आता सात-आठ महिने झाले. यशश्री अजून रोज चटई टाकते. प्रणीतनं एकदा विचारलं, आता कशासाठी? थांबलं तर सगळंच फुकट गेलं असं होईल, असं काहीसं तिच्या मनात असतं. आंघोळीच्या वेळी आरशात पोट दिसतं. सपाट आहे. खालच्या बाजूला सैल कातडीची एक घडी लोंबते आणि तिच्यावर मैत्रेयीच्या वेळच्या पांढऱ्या रेघा आहेत. बरगडीखाली, जिथून डॉक्टरीणबाईंचं बोट फिरलं होतं तिथे, काही नाही. कातडी कोरी. त्या कोऱ्या जागेकडे तिला बघवत नाही. तिथे वीतभर व्रण असता, दुखत असता, पावसाळ्यात खाजत असता, तर किती बरं झालं असतं.

अण्णा त्या पहिल्या स्कॅनच्या दिवसापासून तिच्याशी तुटक बोलतात. ये, बस, प्रणीत बरा आहे ना, एवढंच. तिच्याकडे नीट बघत नाहीत. ती तरीही दर रविवारी बनशंकरीला जाते. न जाऊन कुठे जाणार?

परवाच्या रविवारी ती फाटकातून आत शिरत होती, तेव्हा शेजारच्या शारदम्मांनी कुंपणावरून तिला हाक मारली. किती सपूर, बारीक झालीस गं, म्हणाल्या. माझ्या सुनेलाही स्वल्प सांग, काय काय करायचं ते. यशश्रीनं नेहमीचं हसू हसून घेतलं. दारात आई उभी होती. तिनं ते ऐकलं होतं. ती आत गेली आणि रागीच्या पिठाचा डबा काढला.

राजस गेल्यापासून त्या घरात गंजी झाली नव्हती.

स्वयंपाकघरातल्या छोट्या टेबलाशी अण्णा अवरेकाळू, म्हणजे पावट्याच्या शेंगा, सोलत बसले होते. थंडीतल्या त्या शेंगांचा वास सगळ्या खोलीत भरला होता. दाणे एका भांड्यात, सालं कागदावर, बारका दाणा वेगळा. यशश्री त्यांच्या समोर बसली. आईनं गंजी शिजवली, तिच्यापुढे भांडं ठेवलं, आणि फळीवरचा तुपाचा डबा उघड्यावर, सगळ्यांदेखत खाली काढला.

"लोकांना काय जातं बोलायला," ती म्हणाली. "हाडं दिसायला लागली पोरीची. दोन चमचे घालते, आणि नको म्हणायचं नाही. तेव्हाही घालत होते मी."

अण्णांच्या हातातली शेंग अर्धी सोललेली राहिली. "तेव्हा म्हणजे कधी?"

"तेव्हाच हो. ही फाटकात चक्कर येऊन पडली ना, दुसऱ्या दिवसापासून. दोन्ही वेळा. काजूची पूड, गूळ नि तूप. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही काटा घेऊन बसला असता. पण त्याच्याच जिवावर तर उभी राहिली ती." हे सांगताना आईच्या आवाजात इतक्या महिन्यांत पहिल्यांदा थोडं समाधान होतं. एका मुलाचं काही करता आलं नाही, पण दुसऱ्याचं आपण केलं, असं.

अण्णांनी मान वर करून यशश्रीकडे बघितलं. नीट, पहिल्यासारखं बघितलं. त्यांचे डोळे भरून आले होते आणि हनुवटी हलत होती. मग ते आईकडे वळले. "प्रेमा, तू..." एवढं म्हणाले.

पुढचा शब्द येऊ द्यायचा नाही, एवढंच यशश्रीला सुचलं.

"अण्णा, मला माहीत होतं," ती घाईनं म्हणाली. "पहिल्या दिवसापासून कळत होतं मला. मी मुद्दाम पीत होते. तिची काही चूक नाही, चूक माझीच आहे."

"कसली चूक?" आईनं विचारलं.

आई चमचा हातात धरून उभी होती. तिनं आधी यशश्रीकडे बघितलं, मग अण्णांकडे.

"काही नाही," अण्णा म्हणाले. "तू गॅस बंद कर आधी."

गॅस केव्हाचा बंद होता. आणि पन्नास वर्षांच्या संसारात अण्णांनी तिच्या चुकीला कधी 'काही नाही' असं म्हटलेलं नव्हतं. यशश्रीला आईच्या चेहऱ्यावर ते उमटताना दिसलं. आधी नुसता गोंधळ, मग काहीतरी आठवल्यासारखं, मग ओठ अर्धवट उघडले आणि तसेच राहिले. आपण तोंड उघडलं नसतं तर बरं झालं असतं, हे यशश्रीच्या त्याच क्षणी लक्षात आलं. अण्णांना तिनं गप्पच बसवलं असतं, नुसत्या डोळ्यांनी. आईला वाचवायला ती बोलली आणि तिच्या बोलण्यानंच आईला सगळं कळलं.

आईनं चमचा डब्यात ठेवला, डब्याला झाकण लावलं. ते नीट बसेना. तिनं दोनदा दाबलं.

"त्या दिवशीच्या स्कॅनमध्ये," ती म्हणाली, "किती जास्त निघालं होतं गं?"

"थोडंच, आई."

"थोडं म्हणजे किती?"

अण्णांनी अर्धी शेंग कागदावर ठेवली आणि दोन्ही हात टेबलावर तसेच पसरून ते बघत राहिले. आई पुढे झाली. तिनं हात लांब केला आणि गंजीच्या भांड्यावर पालथा धरला, लहानपणी ताटावर धरायची तसा. पुरे हा शब्द मात्र तिच्या तोंडातून आला नाही. खालून वाफ लागत होती, तरी तिनं तो काढला नाही.

यशश्रीनं तो हात धरून बाजूला केला आणि भांडं तोंडाला लावलं. गंजी कढत होती. तिनं ती तळापर्यंत संपवली आणि रिकामं भांडं आईसमोर ठेवलं. आईनं ते उचललं नाही.